गुलामगिरी संपल्यानंतरची नव्वद वर्षं

परवा माझी भाची, अकरावीला आहे, इतिहासाचं प्रोजेक्ट घेऊन घरी आली आणि तिने एकदम साधा प्रश्न विचारला. मावशी, अमेरिकेतली गुलामगिरी १८६५ ला संपली ना, मग १९५५ ला रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय बाईला बसमधल्या सीटवरून गोऱ्या माणसासाठी उठायला कसं काय सांगितलं, मधली नव्वद वर्षं काय चाललं होतं? मी तारखा काढून बघितल्या. गुलामगिरी बंद करणारी घटनादुरुस्ती मंजूर झाली ६ डिसेंबर १८६५ ला आणि पार्क्सबाईंना अटक झाली १ डिसेंबर १९५५ ला, म्हणजे बरोबर नव्वद वर्षांना पाच दिवस कमी. तिला तेव्हा तुकड्या तुकड्यात जे सांगितलं ते इथे जरा नीट लिहून काढतेय, कारण मला वाटतं आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या डोक्यात या गोष्टीचं चित्र चुकीचं असतं.

चुकीचं चित्र असं की गुलामगिरी होती, ती संपली, पण लोकांच्या मनातला भेदभाव काही गेला नाही आणि तो तसाच चालू राहिला, मग मार्टिन ल्यूथर किंग आले आणि तो संपला. प्रत्यक्षात तसं झालं नाही. मध्ये एक काळ असा आला होता की कृष्णवर्णीय माणसं मतदान करत होती, आमदार खासदार होत होती. मग तो हक्क परत काढून घेतला गेला, तोही घटनेतला एक शब्द न बदलता. घटना तीच, कलमं तीच, फक्त ती वाचायची कशी हे कोर्टाने बदललं. गुलामगिरी कशी संपली हे सगळ्यांना सांगितलं जातं, हा परत काढून घेण्याचा भाग मात्र कुणी सांगत नाही, आणि मला तरी तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

तर सुरुवातीपासून. १८५७ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ड्रेड स्कॉट नावाच्या गुलामाच्या खटल्यात सांगून टाकलं होतं की आफ्रिकन वंशाचा माणूस, मग तो गुलाम असो की स्वतंत्र, अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही. त्यानंतर चार वर्षांनी उत्तरेतल्या आणि दक्षिणेतल्या राज्यांमध्ये यादवी युद्ध पेटलं, ते १८६५ च्या वसंतात संपलं आणि त्याच वर्षी तेरावी घटनादुरुस्ती आली. साधारण चाळीस लाख माणसं गुलामीतून सुटली. पण त्या दुरुस्तीत एक पोटवाक्य आहे, की गुलामगिरी किंवा सक्तीची मजुरी असणार नाही, गुन्हा सिद्ध होऊन शिक्षा झाली असेल तेवढा अपवाद सोडून. हा अपवाद लक्षात ठेवा.

कारण दक्षिणेतल्या राज्यांनी तो लगेच पकडला. १८६५ च्या शेवटालाच मिसिसिपी आणि साउथ कॅरोलिनाने खास कृष्णवर्णीयांसाठी कायदे केले, त्यांना ब्लॅक कोड्स म्हणतात. मिसिसिपीत दर जानेवारीत प्रत्येकाकडे आपल्याला काम असल्याचा लेखी पुरावा असायला हवा होता, वर्षाचा करार मध्येच सोडला तर झालेल्या कामाची मजुरीसुद्धा बुडायची. काम नसेल तर तुम्ही भटके, भटकेपणा हा गुन्हा, त्याला दंड, आणि दंड भरायला पैसे नसतील तर जो कोणी तो दंड भरेल त्याच्याकडे तुम्हाला कामाला लावायचं. दंड भरणारा बहुतेक वेळा कोण असणार, तर ज्याच्याकडे शेत आहे तो, म्हणजे कालपर्यंतचा मालकच. साउथ कॅरोलिनात शेतमजुरी आणि घरगडी सोडून दुसरं काही करायचं म्हटलं, दुकान किंवा सुतारकाम, तर वर्षाला दहा ते शंभर डॉलर भरून परवाना काढायचा. पुढे याच अपवादाच्या आधाराने कैद्यांना खाणींना, रेल्वेच्या कामाला, शेतमळ्यांना भाड्याने द्यायची पद्धत सुरू झाली आणि अलाबामात ती १९२८ पर्यंत चालली.

हे बघून उत्तरेकडचे लोक भडकले आणि तेव्हाची काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, कामाला लागली. १८६६ ला नागरी हक्कांचा कायदा केला, राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनने तो नाकारला, तर त्याचा नकार ओलांडून तो पास केला. १८६८ ला चौदावी घटनादुरुस्ती आणली. ही नीट समजून घ्यायला हवी कारण पुढचं सगळं भांडण हिच्यावरच आहे. तिच्यात तीन चार गोष्टी आहेत. अमेरिकेत जन्मलेला प्रत्येक जण नागरिक, म्हणजे ड्रेड स्कॉटचा निकाल गेला. कुठलंही राज्य नागरिकांच्या हक्कांवर गदा आणणार नाही, कुठलंही राज्य योग्य कायदेशीर प्रक्रियेशिवाय कुणाचा जीव, स्वातंत्र्य, मालमत्ता काढून घेणार नाही, आणि कुठलंही राज्य आपल्या हद्दीतल्या कुणालाही कायद्याचं समान संरक्षण नाकारणार नाही. शेवटी, हे सगळं अमलात आणायला काँग्रेस कायदे करू शकेल. मग १८७० ला पंधरावी, की वंश, रंग किंवा पूर्वीची गुलामी या कारणावरून मतदानाचा हक्क नाकारता येणार नाही.

आणि पुढची काही वर्षं हे खरंच चाललं. दक्षिणेत केंद्राचं सैन्य होतं, पूर्वीचे गुलाम मतदानाला रांगेत उभे राहत होते. १८७० ला मिसिसिपीमधून हायरम रेव्हल्स सिनेटवर गेले, पहिले कृष्णवर्णीय सिनेटर. साउथ कॅरोलिनाच्या विधानसभेत कृष्णवर्णीय आमदारांचं बहुमत होतं. दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांत सरकारी शाळांची व्यवस्था पहिल्यांदा याच काळात उभी राहिली, जिचा फायदा गरीब गोऱ्यांच्या मुलांनाही झाला. १८७३ साली इकडे पुण्यात जोतीराव फुल्यांनी आपलं गुलामगिरी हे पुस्तक अमेरिकेतल्या सज्जन लोकांना अर्पण केलं, गुलामांना मुक्त करण्यासाठी त्यांनी दाखवलेल्या त्यागाबद्दल. इतक्या लांबून त्या लढ्याकडे आपला म्हणून बघणारा माणूस आपल्याकडे होता याचा मला फार अभिमान वाटतो.

पण त्याच १८७३ सालच्या एप्रिलमध्ये, ईस्टरच्या रविवारी, लुइझियानातल्या कोलफॅक्स गावात वेगळंच घडलं. निवडणुकीच्या निकालावरून वाद होता, कृष्णवर्णीय लोक तिथलं कोर्टहाउस धरून बसले होते, हत्यारबंद गोऱ्यांच्या जमावाने हल्ला केला आणि शरण आलेल्यांनाही मारलं. कमीत कमी साठ माणसं गेली, काही जण दीडशेचा आकडा सांगतात. केंद्र सरकारने खटला भरला, शिक्षा झाली फक्त तिघांना, आणि तीही १८७६ ला सुप्रीम कोर्टाने रद्द केली. कारण काय दिलं? चौदावी दुरुस्ती म्हणते कुठलंही राज्य असं करणार नाही. हे राज्याने कुठे केलं, हे तर लोकांनी केलं, लोकांना आवरणं हे राज्याचं काम, केंद्राचं नाही.

इथे थांबा जरा. राज्य हा एक शब्द. ज्या राज्यात पोलीस, ज्युरी, जज सगळे त्याच जमावाच्या बाजूचे आहेत त्या राज्याकडे दाद मागायला सांगायचं म्हणजे दाद मिळणारच नाही हे ठरलेलंच. भाचीला हे सांगताना ती म्हणाली, पण कलम लिहिणाऱ्यांना हे माहीत नव्हतं का? होतं ना, म्हणून तर त्यांनी शेवटी काँग्रेसला कायदे करायचा अधिकार दिला होता. आणि काँग्रेसने तो वापरलाही, १८७५ ला. त्या कायद्यात होतं की सराया, हॉटेलं, थिएटर, रेल्वे, बोटी, इथे रंगावरून कुणाला अडवायचं नाही.

हा कायदा आठच वर्षं जगला. १८८३ साली पाच खटले एकत्र सुप्रीम कोर्टापुढे आले, आणि गंमत नाही, खरं सांगतेय, हे सगळे दक्षिणेतले नव्हते, त्यात न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या थिएटरांचे पण खटले होते. कोर्टाने आठ विरुद्ध एक असा निकाल दिला की हा कायदा घटनाबाह्य आहे, हॉटेलमालक म्हणजे राज्य नव्हे, खाजगी माणसाने केलेल्या भेदभावावर चौदाव्या दुरुस्तीखाली काँग्रेसला कायदा करता येत नाही. जस्टिस ब्रॅडलीने वर असंही लिहिलं की गुलामीतून सुटलेल्या माणसाच्या आयुष्यात कधीतरी अशी वेळ यायला हवी की तो साधा नागरिक होईल आणि कायद्याचा खास लाडका राहणार नाही. दोनशे वर्षांहून जास्त काळाची गुलामी आणि ती संपून फक्त अठरा वर्षं झाली होती. मी हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, कारण हे आपल्याकडे आजही रोज ऐकू येतं, शब्द थोडे वेगळे असतात इतकंच.

आणि आपल्याशी याचा नुसता असा भावनिक नाही, कागदावरचा संबंध आहे. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात होते. १९३० च्या गोलमेज परिषदेत त्यांनी आणि रेट्टमलै श्रीनिवासन यांनी अस्पृश्यांच्या संरक्षणाची जी योजना मांडली त्यात समान नागरी हक्कांच्या कलमांखाली सरळ लिहिलंय की हे अमेरिकेच्या १८६६ च्या आणि १ मार्च १८७५ च्या कायद्यातून घेतलंय, निग्रो लोकांच्या मुक्ततेनंतर त्यांच्यासाठी केलेले कायदे म्हणून. म्हणजे अमेरिकेच्या कोर्टाने जो कायदा १८८३ ला मारून टाकला होता तोच बाबासाहेबांनी उचलला. आता आपल्या घटनेचं कलम १५ उघडून बघा, त्याच्या दुसऱ्या भागात दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा, विहिरी, तलाव, घाट, रस्ते अशी यादी आहे आणि तिथे नुसतं राज्य भेदभाव करणार नाही असं म्हणून थांबलेलं नाही, तिथे कुठल्याही नागरिकाला अडवता येणार नाही असं आहे. कलम १७ मध्ये अस्पृश्यता नष्ट, तिथे तर ती पाळणारा कोण हा प्रश्नच ठेवलेला नाही. महाडला १९२७ मध्ये तळ्यावर जे झालं ते पण असंच होतं, कौन्सिलचा ठराव होता, नगरपालिकेचा ठराव होता, तळं कागदावर खुलं होतं आणि अडवणारी होती ती गावातली माणसं. त्यामुळे राज्य या शब्दाआड लोक कसे लपतात हे बाबासाहेबांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

परत अमेरिकेत. १८७७ पर्यंत राजकारणही उलटलं होतं. १८७६ ची राष्ट्राध्यक्षाची निवडणूक इतकी अटीतटीची झाली की शेवटी राज्यांच्या निर्वाचक प्रतिनिधींच्या मतांत १८५ विरुद्ध १८४ अशा एका मताने रुदरफोर्ड हेस निवडून आला, आणि त्या वादाचा शेवट झाला तो दक्षिणेच्या राजधान्यांतून केंद्राचं सैन्य काढून घेऊन. मग तिथे जुने लोक परत सत्तेत बसले. आता कोर्टाने सांगितलेलं की खाजगी माणसाने भेदभाव केला तर केंद्राला बोलता येत नाही. पुढची पायरी म्हणजे राज्याने स्वतःच भेदभावाचा कायदा केला तर काय? तो तर चौदाव्या दुरुस्तीत सरळ अडकायला हवा ना?

इथे रेल्वे येते. बघा, टेनेसी १८८१, फ्लोरिडा १८८७, मिसिसिपी १८८८, लुइझियाना १८९०, या सालांत वेगळ्या डब्यांचे कायदे झाले. म्हणजे गुलामगिरी संपून सोळा ते पंचवीस वर्षं झाल्यावर. आधी काही ठिकाणी लोक एकत्र बसायचे, काही ठिकाणी नाही, ते कंपनीवर आणि गार्डवर अवलंबून. कायद्याने सक्ती नंतर आली, आणि आली तेव्हा ती जुनी रीत असल्यासारखी सांगितली गेली.

न्यू ऑर्लिअन्स शहरात मिश्र वंशाच्या, शिकलेल्या, फ्रेंच बोलणाऱ्या कृष्णवर्णीयांचा मोठा समाज होता. त्यांनी नागरिकांची समिती काढली, वर्गणी गोळा केली आणि ठरवून खटला उभा केला. आधी फेब्रुवारी १८९२ मध्ये डॅनियल डेसड्यून्स नावाच्या तरुणाला गोऱ्यांच्या डब्यात बसवलं, पण ती गाडी दुसऱ्या राज्यात जाणारी होती आणि तिथे राज्याचा कायदा लागूच होत नाही म्हणून खटला संपला. मग ७ जून १८९२ ला होमर प्लेसी. हा चपला बूट बनवणारा, तिशीच्या आसपासचा माणूस, त्याच्या आठ पणजा पणज्यांपैकी एक कृष्णवर्णीय, दिसायला इतका गोरा की त्याने स्वतःहून सांगितलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं. राज्यातल्या राज्यात, कोव्हिंग्टनला जाणाऱ्या गाडीचं फर्स्ट क्लासचं तिकीट काढलं आणि बसला. रेल्वे कंपनीला आधीच सांगितलेलं होतं, त्यांनाही हा कायदा नको होता कारण प्रत्येक गाडीला जास्तीचा डबा जोडायचा खर्च त्यांच्यावरच. अटक करायला खाजगी डिटेक्टिव्हसुद्धा समितीनेच ठेवला होता, कारण अटक बरोबर याच कायद्याखाली व्हायला हवी होती, दंगा केला वगैरे कारणाखाली नाही. इतकं विचारपूर्वक केलेलं काम होतं ते.

१८ मे १८९६ ला निकाल लागला, सात विरुद्ध एक, प्लेसी हरला. जस्टिस ब्राउन म्हणाला की समान संरक्षण म्हणजे कायद्यापुढे समान, एकत्र बसवणं नव्हे, गोऱ्यांना काळ्यांच्या डब्यात मनाई आणि काळ्यांना गोऱ्यांच्या, दोघांना सारखंच. आणि यात काळ्यांचा अपमान आहे असं कुणाला वाटत असेल तर तो अर्थ त्यांनीच काढलाय. या निकालातून वेगळं पण समान हे तत्त्व आलं, जे पुढे ५८ वर्षं टिकलं.

हे तत्त्व खोटं आहे हे त्याच कायद्यात लिहिलेलं होतं. त्यात एक सूट होती, की दुसऱ्या वंशाच्या मुलांना सांभाळणाऱ्या दाईला हा नियम लागू नाही. म्हणजे कृष्णवर्णीय बाई गोऱ्यांच्या डब्यात बसू शकते, गोरं बाळ मांडीवर असेल तर. जवळ बसण्याची अडचण असती तर ती दाईबरोबरही असती. अडचण बरोबरीने बसण्याची होती. आपल्याकडे हे समजावून सांगायला लागत नाही, शेतात पेरणीपासून काढणीपर्यंत हात चालतात आणि त्याच हाताने पाणी भरलं की विटाळ होतो, हे आपल्या आजी पणजीने बघितलंय.

एकटा जज विरोधात गेला, जॉन मार्शल हार्लन, १८८३ मध्येही विरोधात तोच होता. केंटकीचा, स्वतः गुलाम बाळगलेला, तेराव्या दुरुस्तीला एकेकाळी विरोध केलेला माणूस. त्याने लिहिलं की आपली घटना रंग बघत नाही आणि हा कायदा कशासाठी आहे हे सगळ्यांना माहीत आहे. तो पूर्ण स्वच्छ होता असं मी म्हणणार नाही, त्याच मतात त्याने चिनी लोकांबद्दल जे लिहिलंय ते वाचवत नाही, पण त्या दिवशी खरं बोलणारा तोच एक होता. प्लेसीने पुढच्या जानेवारीत २५ डॉलर दंड भरला आणि प्रकरण मिटलं.

मग बांध फुटल्यासारखं झालं. शाळा, दवाखाने, स्मशानं, बागा, पाण्याचे नळ, लिफ्ट. नॉर्थ कॅरोलिनात गोऱ्यांच्या शाळेतली पुस्तकं काळ्यांच्या शाळेत आणि उलट वापरायची नाहीत असा कायदा होता. अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहराने १९३० मध्ये गोऱ्या काळ्यांनी एकत्र पत्ते किंवा डॉमिनो खेळणं गुन्हा ठरवलं. या सगळ्याला मिळून जिम क्रो म्हणतात, काळ्यांची टिंगल करणाऱ्या जुन्या नाटकातल्या पात्राचं नाव.

बरं, कोण गोरा हे ठरवणार कोण? १९२७ ला मिसिसिपीत मार्था लम या चिनी वंशाच्या मुलीला गोऱ्यांच्या शाळेतून काढलं, सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की राज्याने तिला रंगीत, म्हणजे गोरी नसलेली, ठरवलं तर ठरवलं. त्याच्या चार वर्षं आधी भगतसिंग थिंद या पंजाबी माणसाचं गोरा म्हणून मिळालेलं नागरिकत्व गेलं, तो अमेरिकेच्या सैन्यात होता, पण कोर्ट म्हणालं सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे हिंदुस्थानी माणूस गोरा नाही. त्याचे वकील होते सखाराम गणेश पंडित, पुढे सरकारने त्यांचंही नागरिकत्व काढायचा प्रयत्न केला आणि ते मात्र स्वतःचा खटला लढून जिंकले. दुःखाची गोष्ट अशी की थिंदच्या बाजूने केलेला युक्तिवाद आपण उच्च जातीचे आर्य आहोत असा होता.

आता मतदानाचं, कारण ते हातून गेलं म्हणून बाकीचं सगळं गेलं. पंधरावी दुरुस्ती मतदानाचा हक्क देत नाही, ती फक्त म्हणते की रंगाच्या कारणावरून नाकारू नका. मग दुसरी कारणं शोधा. मिसिसिपीने १८९० च्या नव्या राज्यघटनेत दोन डॉलरचा मतदान कर आणि घटनेचं कलम वाचून किंवा ऐकून समजावून सांगायची परीक्षा टाकली, परीक्षा घेणारा गोरा कारकून, उत्तर बरोबर की चूक तोच ठरवणार. कायद्यात काळा हा शब्दच नाही. सुप्रीम कोर्टाने १८९८ ला म्हटलं, शब्दात भेदभाव नाही म्हणजे चालेल. त्याच वर्षी लुइझियानाने अजून एक केलं. परीक्षेत गरीब अडाणी गोरेही अडकणार म्हणून त्यांच्यासाठी वाट काढली, की १ जानेवारी १८६७ ला ज्याला मताचा हक्क होता तो, त्याचा मुलगा, नातू यांना परीक्षा माफ. त्या तारखेला तिथल्या कृष्णवर्णीयांना मताचा हक्क नव्हताच. परिणाम असा की लुइझियानात १८९६ ला सुमारे १,३०,००० कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते, १९०० मध्ये उरले पाच हजारांच्या थोडे वर, १९०४ मध्ये १,३४२. चार वर्षांत एका अख्ख्या समाजाचं मत पुसलं गेलं, आणि घटनेतली पंधरावी दुरुस्ती सगळा वेळ जागच्या जागी होती.

हे परत फिरवलं वकिलांनी आणि साध्या घरातल्या माणसांनी मिळून. चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन हे नाव फार कमी जणांना माहीत असतं. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात त्यांनी वकिलांची एक पिढी घडवली, पुढे शाळांचा खटला लढणारे थरगूड मार्शल हे त्यांचेच विद्यार्थी. त्यांची युक्ती अशी की सुरुवातीला वेगळं पण समान यावर थेट हल्ला करायचाच नाही, उलट म्हणायचं बरं, वेगळं ठेवा, पण मग समान दाखवा. आणि सुरुवात लॉ कॉलेजपासून करायची कारण कुठलं लॉ कॉलेज चांगलं हे जजला आपोआप कळतं. १९३० च्या दशकात मेरीलँड, मिसूरी, मग १९५० ला टेक्सास, एकेक करत. ओक्लाहोमात जॉर्ज मॅक्लॉरिन हे वयस्कर गृहस्थ होते, त्यांना प्रवेश तर मिळाला पण वर्गाच्या बाहेर एका कोनाड्यात बसायचं, लायब्ररीत वेगळं टेबल, कँटीनमध्ये वेगळी वेळ. तेच शिक्षक, तीच पुस्तकं, तरी कोर्टाने १९५० ला मान्य केलं की हे समान नाही. इथे भिंतीला पहिली मोठी चीर पडली, कारण आता मोजता येणाऱ्या गोष्टींच्या पलीकडचं काहीतरी कोर्टाने मोजलं होतं.

शाळांचा खटला म्हणजे ब्राउन विरुद्ध शिक्षण मंडळ (हा ब्राउन १८९६ चा जज नव्हे), पण तो एक नाही, पाच जागचे खटले होते. साउथ कॅरोलिनात क्लॅरेंडन काउंटीत गोऱ्या मुलामागे वर्षाला १७९ डॉलर खर्च व्हायचा आणि काळ्या मुलामागे ४३. गोऱ्यांच्या शाळांना ३० बस, काळ्यांना एकही नाही. पालकांनी आधी फक्त बस मागितली होती. ज्यांचं नाव अर्जावर पहिलं होतं ते हॅरी ब्रिग्ज, नौदलात नोकरी करून आलेले, पेट्रोल पंपावर कामाला होते, त्यांची नोकरी गेली, बायको मोटेलात सफाईला जायची तिचीही गेली. व्हर्जिनियात प्रिन्स एडवर्ड काउंटीत १८० मुलांसाठी बांधलेल्या शाळेत साडेचारशेच्या वर मुलं होती, जास्तीची मुलं डांबरी कागद ठोकलेल्या शेडमध्ये. एप्रिल १९५१ मध्ये बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीने सगळ्या शाळेला संपावर नेलं. माझी भाची सोळाचीच आहे, इथे ती पहिल्यांदा फोन खाली ठेवून ऐकायला लागली.

१७ मे १९५४, नऊ विरुद्ध शून्य. वेगळ्या शाळा मुळातच असमान असतात. चौदाव्या दुरुस्तीचं तेच वाक्य, अर्थ उलटा. पण पुढच्या वर्षी कोर्टाने अंमलबजावणीला तारीख दिली नाही, सावकाश विचार करून पण वेगाने असं काहीतरी म्हटलं, आणि दक्षिणेने त्यातलं सावकाश तेवढं घेतलं. प्रिन्स एडवर्ड काउंटीने तर १९५९ ला सगळ्या सरकारी शाळाच बंद करून टाकल्या, १९६४ पर्यंत. गोऱ्यांच्या मुलांसाठी खाजगी शाळा काढली, काळ्या मुलांची पाच वर्षं गेली ती गेलीच. पार्क्सबाईंची अटक याच काळातली. त्या अटकेनंतर अलाबामातल्या माँटगोमेरी शहरातला बस बहिष्कार ३८१ दिवस चालला हे सगळ्यांना माहीत असतं, पण बसमधली विभागणी शेवटी मोडली ती १९५६ च्या वेगळ्या एका खटल्याने, ज्यात पार्क्सबाई नव्हत्याच, दुसऱ्या चार बायका होत्या. लोक रोज पायी चालत होते आणि वकील कोर्टात होते, दोन्ही लागलं.

मताचा हक्क परत आला १९६५ च्या कायद्याने. मिसिसिपीत त्याआधी नोंदलेले कृष्णवर्णीय मतदार ६.७ टक्के होते, दोन वर्षांत ते साठ टक्क्यांच्या जवळ गेले. या कायद्याचा कणा असा होता की मतदानात भेदभावाचा जुना इतिहास असलेल्या राज्यांनी मतदानाचे नियम बदलायच्या आधी केंद्राची परवानगी घ्यायची. २०१३ ला सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी अशी राज्यं कोणती हे ठरवणारं कलमच रद्द केलं, तेव्हापासून ती परवानगी लागत नाही.

आणि हॉटेलांचं काय झालं, असं भाचीने विचारलं, त्या १८८३ वाल्या. तर १९६४ ला नागरी हक्कांचा जो मोठा कायदा झाला त्याने हॉटेलं, खानावळी, थिएटर उघडली, म्हणजे १८७५ ला होतं जवळपास तेच ८९ वर्षांनी परत. पण १८८३ चा निकाल मध्ये होताच, तो टाळायला काँग्रेसने समानतेच्या कलमापेक्षा जास्त भर दिला तो राज्याराज्यांतल्या व्यापारावर कायदे करण्याच्या अधिकारावर. बर्मिंगहॅममध्ये ऑलीज बार्बेक्यू नावाची घरगुती खानावळ होती, तिथे बरेच कृष्णवर्णीय लोक कामाला होते, पण आत बसून खायला त्यांना मनाई, फक्त बाहेर पार्सल. मालक म्हणाला माझ्याकडे बाहेरगावचं गिऱ्हाईक येत नाही, मला हा कायदा कसा लागू. डिसेंबर १९६४ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की लागू होतो, कारण वर्षाला जवळपास ७०,००० डॉलरचं मांस जे ते विकत घेतात ते दुसऱ्या राज्यातून आलेलं असतं.

मग टेबलावर बसायचा हक्क मांसामुळे मिळाला, माणसामुळे नाही? ती म्हणाली. मी म्हटलं हो, कोर्टाने कारण तेच दिलं, आणि १८८३ चा तो निकाल अजून कुणी उलटवलेला नाही. तिने ते वहीत लिहून घेतलं.